राखेतून आलेला रंग : मध्ययुगातले रंगीत काचेचे पेले

सन ११०१ मध्ये पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचं सीझरिया शहर क्रुसेडच्या सैन्याच्या हाती पडलं. लुटीच्या वाटपात जिनोआच्या लोकांनी भारी किंमत लावून स्वतःकडे घेतलं ते एक हिरवंगार षट्कोनी पात्र. हे अख्ख्या पाचूतून कोरलेलं आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. टायरचा विल्यम या त्या शतकातल्याच इतिहासकाराने ही हकीकत नोंदवली आहे. गावात कोणी बडी असामी आली की जिनोआवाले तिला हे पात्र मोठ्या अभिमानाने दाखवत, असंही तो सांगतो. पुढे येशूने शेवटच्या भोजनात वापरलेलं पात्र ते हेच, अशी ख्याती त्याला चिकटली. नेपोलियनच्या काळात ते पॅरिसला नेलं गेलं. १८१६ मध्ये परत आलं ते फुटलेल्या अवस्थेत, आणि पाचू नव्हे तर काच आहे हे मग कोणालाच नाकारता आलं नाही. जिनोआच्या सान लोरेन्झो कॅथेड्रलच्या खजिन्यात ते आजही पाहायला मिळतं. ते रोमन काळातलं की इस्लामी कारागिरांचं, यावर वाद आहे.

या गोष्टीवर हसणं सोपं आहे. पण शंभर टक्के काच असलेली वस्तू शतकानुशतकं रत्न म्हणून पुजली जाते, याचा अर्थ त्या समाजाला काच आणि रत्न यांच्यातली रेघ आपल्याइतकी ठळक दिसत नव्हती. व्हेनिसच्या सान मार्कोच्या खजिन्यातही असाच एक अपारदर्शक फिरोजी वाडगा आहे. कडांवर ससे कोरलेले, तळाशी कुफी लिपीत ‘खुरासान’ असा शब्द. तोही पुष्कळ काळ खऱ्या फिरोजा खड्याचा मानला गेला. आहे काचेचाच.

मध्ययुगातल्या रंगीत काचेच्या पेल्यांचा प्रश्न म्हणूनच फक्त कलेचा नाही. रंग कोणी निवडला, की तो आपसूक पदरात पडला? पडलेला असेल तर लोकांना तो आवडत होता का? आणि आपल्यापर्यंत आलेले पेले त्या काळाचं खरं चित्र दाखवतात, की फक्त जपून ठेवण्याच्या सवयींचं? गेल्या शंभरेक वर्षांतल्या अभ्यासाने या प्रश्नांची उत्तरं बरीच बदलली आहेत.

सुरुवात कच्च्या मालापासून करावी लागते. रोमन साम्राज्यात आणि त्यानंतरही काही शतकं काच *बनवणं* आणि काचेची भांडी *घडवणं* हे दोन वेगळे धंदे होते. वाळू आणि इजिप्तच्या वादी नत्रूनमधला नेट्रॉन हा खनिज क्षार प्रचंड टाकीभट्ट्यांत वितळवून काचेच्या लाद्या तयार व्हायच्या. त्या फोडून ढेकळं जहाजाने दूरवर जायची आणि तिथले कारागीर ती पुन्हा वितळवून फुंकायचे. आजच्या इस्रायलमध्ये हदेराजवळ बेत एलिएझर इथे अशा १७ भट्ट्या सापडल्या. बेत शेआरिममध्ये तर सुमारे ९ टनांची एक अख्खी लादी अजून जागच्या जागी पडलेली आहे. मिश्रणात चुन्याचं प्रमाण जास्त झाल्यामुळे तो सगळा घाण वाया गेला होता.

वाळूत थोडं लोखंड असतंच. म्हणून काही न करता बनवलेली काच निळसर-हिरवी निघते. म्हणजे रंग हा काचेचा मूळ स्वभाव आहे; मेहनत घ्यावी लागते ती पारदर्शकतेसाठी. ही साधी गोष्ट डोक्यात ठेवली नाही तर मध्ययुगातल्या काचेविषयीचं पुढचं सगळं उलटं वाचलं जातं. तांबं घातलं की हिरवा किंवा फिरोजी, कोबाल्टने गडद निळा, मँगनीजने जांभळा. गंमत अशी, की हेच मँगनीज बेताने घातलं तर लोखंडाचा हिरवेपणा मारून काच स्वच्छ करतं. जांभळा पेला आणि बिनरंगी पेला या दोघांमागे एकच खनिज, फरक चिमटीचा.

पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य कोसळल्यावर उत्तर युरोपात कच्च्या काचेची आवक रोडावली, तरी पेले बनत राहिले. त्यातला सर्वांत देखणा प्रकार म्हणजे नख्यांचा पेला. १७७५ मध्ये इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात कॅसल ईडन इथे सापडलेला असा एक पेला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: सहाव्या शतकातला, हिरवट काचेचा, नख्यांवरून निळ्या काचेचे धागे ओढलेले. याची घडण समजून घेण्यासारखी आहे. कारागीर आधी उभट पेला फुंकतो आणि तो जरा निवू देतो. मग भट्टीतून मधासारखा ओघळता काचेचा गोळा घेऊन पेल्याच्या अंगावर चिकटवतो. त्या गोळ्याच्या धगीने तेवढीच जागा पुन्हा मऊ होते. लगेच नळीतून फुंक मारली की भिंत त्या एका ठिकाणी बाहेर फुगते. तो फुगवटा आकड्याने ओढून खाली वाकवायचा आणि टोक पेल्याला चिकटवायचं. अशा नख्यांच्या दोन ओळी, एकीआड एक. नख्या आतून पोकळ असल्यामुळे पेय त्यांच्यातही उतरतं. पेला भरला की नख्यांचा रंग बदलतो, रिकामा झाला की पुन्हा फिका. हातात आलेली काच किती वेळात घट्ट होते याचा अंदाज ज्याला नाही त्याने या नादी लागू नये. या कारागिरांना ‘अंधारयुगातले’ म्हणणाऱ्याने एकदा हा पेला जवळून पाहावा.

याच काळातले शंकूसारखे आणि घंटेसारखे पेलेही आहेत. त्यांच्या तळाला बूड नाही, म्हणजे भरलेला पेला खाली ठेवण्याची सोयच नाही. प्यायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा, नाहीतर रिकामा करून पालथा घालायचा. शिंगाच्या आकाराचे काचेचे पेलेही सापडले आहेत. इटलीतल्या सूत्रीजवळ मिळालेलं लोंबार्ड काळातलं गडद निळं शिंग त्यांतलं नावाजलेलं. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या टॅप्लोच्या थडग्यात चार नख्यांचे पेले आणि खऱ्या शिंगांची प्यायची पात्रं एकत्र निघाली. २००३ मध्ये एसेक्समधल्या प्रिटलवेलच्या दफनकक्षात निळ्या आणि हिरव्या काचपात्रांच्या जोड्या मिळाल्या. हे जोडीने असणं लक्षात घेण्यासारखं आहे. ही पात्रं एकट्याने पिण्याची नव्हेत. सरदाराच्या दिवाणखान्यात पाहुण्याला समोर बसवून पाजण्याची आहेत.

पण हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते मेलेल्यांबरोबर भांडी पुरण्याच्या चालीमुळे. सातव्या शतकाच्या शेवटी ख्रिस्ती वळण पक्कं झालं, थडग्यांत वस्तू ठेवणं बंद पडलं, आणि पेले एकाएकी दिसेनासे होतात. जुन्या अभ्यासकांनी यावरून धंदाच बसला असा निष्कर्ष काढला होता. तो निम्माच खरा. इंग्रज इतिहासकार बीड सांगतो, की बेनेडिक्ट बिस्कपने ६७५च्या सुमाराला मंकवेअरमथच्या मठासाठी गॉलमधून काच-कारागीर आणवले. पण ७६४ मध्ये त्याच मठाचा प्रमुख कथबर्ट जर्मनीतल्या माइन्झच्या बिशप लुलला पत्र लिहितो, की काचेची भांडी नीट बनवू शकेल असा माणूस तुमच्याकडे असेल तर पाठवा, आमच्याकडे ती विद्या नाही. त्याच पत्रात तो एक तंतुवाद्य वाजवणाराही मागतो! विद्या होती, गेली, पुन्हा मागवली. अशी ती ये-जा आहे. उत्खननांत आता मठांच्या आणि बंदरांच्या जागी आठव्या-नवव्या शतकांतल्या पेल्यांचे तुकडे भरपूर निघतात. स्वीडनमधल्या बिर्काच्या थडग्यांत र्‍हाइनकडून आलेले नरसाळ्यासारखे पेले आहेत. थेट उत्तर नॉर्वेत, लोफोटेन बेटांवरच्या बोर्गच्या सरदारवाड्यातही काचतुकडे मिळाले. धागे पिळून जडवलेले, काही सोन्याच्या वर्खाचे. ध्रुववृत्ताच्याही वर काचेच्या पेल्यातून पिणारा यजमान होता, हे आधी कोणी म्हटलं असतं तर पटलं नसतं.

नवव्या शतकात खरी उलथापालथ झाली. इजिप्तमधल्या नेट्रॉनचा पुरवठा आटला. राजकीय अशांतता कारणीभूत होती की हवामान, यावर मतभेद आहेत, पण परिणाम स्पष्ट आहे: काचेला वेगळा क्षार शोधावा लागला. पश्चिम आशियाने वाळवंटी आणि खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख वापरली. आल्प्सच्या उत्तरेला जंगल होतं, म्हणून तिथे लाकडाची राख आली, मुख्यतः बीच वृक्षाची. पहिल्या राखेत सोडा जास्त, दुसरीत पोटॅश आणि चुना. दोन राखा, दोन काचा, आणि पुढच्या पाच-सहाशे वर्षांतला रंगांचा सगळा भूगोल इथून फुटतो.

बाराव्या शतकाच्या सुरुवातीला थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या जर्मन मठवासीयाने हस्तकलांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात काचेची कृती आहे: दोन भाग बीचची राख, एक भाग स्वच्छ धुतलेली वाळू. नंतर तो जे सांगतो ते फार मोलाचं आहे. मुशीतली काच पिवळट झालेली दिसली तर तिसऱ्या तासापर्यंत तापवा, फिकी केशरी मिळेल. सहाव्या तासापर्यंत ठेवलीत तर तांबूस केशरी. अंगाच्या कांतीसारखी झाली तर तशीच कामाला घ्या. आणखी तापवलीत तर जांभळी. इथे रंग बाहेरून घालायचाच नाही! बीचच्या राखेतच लोखंड आणि मँगनीज असतं. भट्टीत हवा किती खेळते, धूर किती, वेळ किती, यावर त्या दोघांची ओढाताण कोणत्या रंगावर थांबेल हे ठरतं. थिओफिलसचा कारागीर रंग *ठरवत* नाही, रंगाची वाट पाहतो आणि हवा तो आला की हात घालतो. निवडलेला रंग आणि पदरात पडलेला रंग यांच्यामधली ही तिसरी अवस्था आहे. या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांनी तिच्यावर पुरेसं लिहिलेलं नाही, असं मला वाटतं.

निळ्याचं मात्र असं जमत नाही. त्याला कोबाल्ट लागतं. त्यावरचा तोडगाही थिओफिलस देतो. फ्रान्समधले लोक जुन्या निळ्या पात्रांचे आणि भिंतीवरच्या जडावकामातल्या चौकोनी खड्यांचे तुकडे गोळा करून वितळवतात. म्हणजे रोमन भंगार. मध्ययुगातल्या पश्चिम युरोपातल्या निळ्या काचेत एखाद्या पडक्या रोमन वाड्याची भिंत विरघळलेली असणं अगदी शक्य आहे.

भंगाराचा हा धंदा केवढा मोठा होता ते समुद्राने दाखवलं. तुर्कस्तानच्या सेर्चे लिमानी खाडीत १०२५च्या सुमाराला एक छोटं व्यापारी जहाज बुडालं. जॉर्ज बास यांच्या पथकाने १९७७ ते १९७९ दरम्यान त्याचं उत्खनन केलं. त्यात सुमारे तीन टन काच निघाली: दोन टन कच्ची ढेकळं आणि एक टन फुटकी भांडी, फातिमी सीरियाच्या कारखान्यांतली. तुकड्यांचा अंदाज पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातो. हिरवे, जांभळे, पिवळसर, निळे असे रंग आणि जाडी यांनुसार वर्गवारी करून अभ्यासकांनी वर्षानुवर्षं ते जुळवले; बोद्रुमच्या पाण्याखालील पुरातत्त्वाच्या संग्रहालयात ती मांडणी आहे. एका बुडालेल्या जहाजाने अकराव्या शतकातल्या रोजच्या वापरातल्या पेल्यांचा जेवढा मोठा नमुना दिला, तेवढा सगळ्या राजखजिन्यांनी मिळून दिलेला नाही. खजिन्यात अपवाद जपले जातात, भंगारात नियम सापडतो.

इस्लामी जगात रंगाची हौस उघड आणि विचारपूर्वक होती. कैरोच्या संग्रहालयात फुस्तातमध्ये, म्हणजे जुन्या कैरोत, सापडलेल्या एका पेल्यावर अब्द अल्-समद इब्न अली याचं नाव आहे. तो ७७३ मध्ये अगदी थोडे दिवस इजिप्तचा सुभेदार होता. त्यामुळे पेल्याची तारीख जवळजवळ महिन्यापर्यंत ठरते. त्यावरची नक्षी चांदी आणि तांब्याच्या क्षारांनी रंगवून, धुराच्या भट्टीत पक्की केलेली आहे. रंग काचेच्या आत मुरतो, वर बसत नाही. उजेडाच्या दिशेनुसार तो पिवळा, तपकिरी, तांबूस दिसतो. पुढे झिलईदार मातीच्या भांड्यांवर जी झळाळी येते तिची पहिली तालीम काचेवर झाली. युफ्रेटीसकाठच्या रक्कामध्ये काचेच्या कारखान्यांचा मोठा पट्टाच उघडकीला आला आहे. टायरमध्ये दहाव्या ते बाराव्या शतकांदरम्यानच्या टाकीभट्ट्या सापडल्या. त्यांतल्या सर्वांत मोठीत एका वेळी ३७ टन काच मावत असे. याच टायरच्या काचेची कीर्ती बाराव्या शतकातला ज्यू प्रवासी तुडेलाचा बेंजामिन सांगून गेला आहे. आणि दारू निषिद्ध असलेल्या समाजात हे पेले कोणासाठी, असा प्रश्न ज्याला पडेल त्याने बगदादच्या अबू नुवासची मद्यगीतं आठवावीत.

बाराव्या शतकाच्या आगेमागे युरोपच्या मठांत काही अजब पेले दिसू लागतात. जाड भिंतीचे, धुरकट पुष्पराजाच्या रंगाचे, चाकावर खोल कापलेले सिंह, गरुड, पंखवाले ग्रिफिन. सायलीशियाची डचेस हेडविग (११७४–१२४३) हिच्या नावाने ते ओळखले जातात. ती दारूऐवजी पाणी पिते म्हणून नवरा हेन्री नाराज होता. एकदा त्याने तिचा पेला हिसकावून चाखला तर आत दारूच निघाली, अशी आख्यायिका. पाण्याची दारू करणारा पेला म्हटल्यावर तो चांदीत मढवून अवशेष ठेवायच्या पात्रांत जाणारच. असे अखंड पेले जगात जेमतेम डझन-दीड डझन आहेत; त्यांतला एक काही काळ मार्टिन ल्यूथरकडे होता. मूळ कुठलं, यावर मात्र शंभर वर्षं रण माजलं आहे: इजिप्त, बायझँटियम, सिसिली. रासायनिक तपासण्यांत काच वनस्पतीच्या राखेची, पूर्व भूमध्यसागराच्या वळणाची ठरली. पण सिसिलीवाले म्हणतात, कच्ची काच आयात करून पलेर्मोत कोरता येते की! हा मुद्दा तसा बिनतोड आहे. कच्ची काच जिथली, पेला तिथलाच, हे गृहीतक सेर्चे लिमानीच्या जहाजाने केव्हाच बुडवलं आहे.

तेराव्या-चौदाव्या शतकांत सीरिया आणि इजिप्तमध्ये मीनाकारी आणि सोनेरी कलाकुसरीच्या पेल्यांचा सुवर्णकाळ आला. इथे पेल्याचं अंग जवळजवळ बिनरंगी आणि रंग वरून चढवलेला: काचेची पूड रंगवून, कुंचल्याने लावून, पुन्हा भट्टीत. क्रुसेडर, यात्रेकरू, व्यापारी यांच्याबरोबर हे पेले युरोपात गेले. त्यांतला सर्वांत भाग्यवान पेला कंब्रियातल्या ईडन हॉलच्या मस्ग्रेव्ह घराण्याकडे होता: निमुळता, तोंडाशी बाहेर वळलेला, सुमारे १६ सेंटिमीटर उंच, निळी-हिरवी-लाल-पांढरी मीनाकारी. यक्षिणींनी तो विहिरीपाशी सोडला आणि तो फुटला की घराण्याचं भाग्य फुटेल, अशी कथा. जर्मन कवी उहलांटने त्यावर पोवाडा रचला आणि त्यात पेला फोडून घराणं बुडवलं. प्रत्यक्षात पेल्याला चरा गेला नाही. १९३४ मध्ये पाडला गेला तो वाडा. पेला १९५८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या मालकीचा झाला. तो इतकी शतकं वाचला याचं श्रेय यक्षिणींना नको, त्याच्यासाठी मध्ययुगातच बनवलेल्या चामडी पेटीला द्यायला हवं.

पूर्वेकडची वाट थोडक्यात. जपानमध्ये नारा इथल्या शोसोइन भांडारात पश्चिम आशियाई काचेचा एक गडद निळा पेला आहे. अंगावर काचेची कडी चिकटवलेली, पायथा मात्र पूर्व आशियात बसवलेला चांदीचा. चीनमधल्या फामेन मंदिराचं तळघर ८७४ मध्ये बंद झालं ते १९८७ मध्ये उघडलं. त्यात इस्लामी जगातल्या गडद निळ्या, कोरीव काचेच्या थाळ्या होत्या. शिवाय फिकट काचेची चहाची वाटी आणि बशी. बौद्ध अवशेषांशेजारी, बादशहाच्या देणग्यांच्या रांगेत.

आणि आपला किनारा? पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा ताम्रपट सांगतो, की राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संयानवर मधुमती, म्हणजे मुहम्मद, हा अरब अधिकारी कारभार पाहत होता. संयान म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेलं आजचं संजाण. तिथल्या उत्खननात पश्चिम आशियाई झिलईदार खापरांबरोबर काचपात्रांचे तुकडेही निघाले. म्हणजे फुस्तात किंवा इराणी आखातातले पेले उत्तर कोकणापर्यंत पोचत होते. पण ते बंदरावरच राहिले. दख्खनला काच येत नव्हती असं मुळीच नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५–४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात बहमनी काळातल्या रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या भरपूर मिळाल्या. एकावर एक रंगाचे थर दिलेल्या बांगड्यांचं कसब तर वाखाणण्यासारखं आहे. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा इतिहास लिहिला, त्यातही मणी आणि बांगड्याच पानंच्या पानं व्यापतात, भांडी क्वचित. रंग यायचा, भट्टी पेटायची, कारागीर होते. पेला मात्र झाला नाही. माझ्या मते कारण स्वयंपाकघरात आहे. तांब्या-फुलपात्र घासून, चिंच लावून पुन्हा शुद्ध होतं, मातीचं भांडं फेकून देता येतं. काच या दोन्हींत बसत नव्हती. बांगडी कोणाच्या उष्ट्याला लागत नाही, म्हणून ती चालली.

पुन्हा युरोपकडे. तेराव्या शतकापासून जर्मन आणि बोहेमियन जंगलांत काचभट्ट्यांचं पेव फुटलं. त्यांच्या लाकडी राखेच्या काचेला वनकाच म्हणतात: पिवळट हिरव्यापासून शेवाळी हिरव्यापर्यंत. अंगावर काचेचे थेंब चिकटवून टोकं ओढायची, ही त्यांची खूण. पंधराव्या शतकातल्या ठेंगण्या, मोठ्या थेंबांच्या पेल्याला जर्मन लोक कोबीचा दांडा म्हणत आणि पाहिल्यावर ते पटतं. बोहेमियात याउलट उंच, सडपातळ, बारीक ठिपक्यांचे पेले आवडते होते. थेंबांचा उपयोगही होता: हातांनी जेवणाऱ्याच्या तेलकट बोटांतून गुळगुळीत पेला निसटतो, काटेदार नाही. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

हे पेले आपल्याला मिळाले ते मुख्यतः संडासांतून. ल्यूबेक, फ्रायबुर्ग, कॉन्स्टान्झ अशा शहरांतल्या जुन्या शौचखड्ड्यांत फुटके पेले टाकले जात. ते हलवायला किंवा भंगारात द्यायला कोणी खाली उतरलं नाही, म्हणून वाचले. १९३३ मध्ये फ्रान्झ राडेमाखरने मध्ययुगातल्या जर्मन पेल्यांवर लिहिलं तेव्हा त्याच्यापुढे चर्चमध्ये जपलेले नमुने आणि चित्रं होती. त्याचं चित्र साहजिकच हिरवं आणि एकसुरी आलं. १९८८ मध्ये बॉन आणि बासलला एरविन बाउमगार्टनर आणि इंगेबोर्ग क्रूगर यांनी मांडलेल्या प्रदर्शनाने ते मोडलं. खड्ड्यांतून निळे धागे घातलेले बिनरंगी पेले निघाले होते. त्यांबरोबर तेराव्या शतकाच्या सुमाराचे शिशाचं प्रमाण खूप असलेले पेलेही. झळझळीत पाचूहिरवे, अपारदर्शक पिवळे. शिसं, तांबं, कथील वापरून मुद्दाम रंगवलेले. वनकाच शेजारी असताना वेगळ्या खर्चाने वेगळा हिरवा करणारा माणूस रंगाविषयी बेफिकीर होता, असं कोण म्हणेल?

आणखी एक अडचण आहे, ती मातीची. पोटॅशची काच ओल्या जमिनीत टिकत नाही. तिच्यावर तपकिरी-काळपट खपली धरते आणि ती सोलली की मूळ रंगाचा थरही जातो. संग्रहालयात काळा दिसणारा तुकडा ताजा असताना गवतासारखा हिरवा असू शकतो. मध्ययुगाची मळकट प्रतिमा काही प्रमाणात या रासायनिक झिजेची देणगी आहे.

मळकटपणाचा दुसरा वाटा व्हेनिसचा. १२७७ मध्ये व्हेनिसच्या दोजेने अंतिओखच्या सातव्या बोहेमंडशी तह केला, त्यात फुटक्या काचेवरच्या जकातीचाही उल्लेख आहे; व्हेनिसला सीरियाचं भंगार आणि सीरियाची राख दोन्ही हवी होती. १२९१ मध्ये आगीच्या भीतीने भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या गेल्या. चौदाव्या शतकात तिथे मीनाकारीचे पेले होऊ लागले. ब्रिटिश म्युझियममधल्या एकावर उस्ताद आल्ड्रेव्हांदिनने स्वतःचं नाव टाकलं आहे. लंडनच्या फॉस्टर लेनमध्ये १९८२ साली अशा पेल्यांचे तुकडे सापडले, तोपर्यंत त्यांचा प्रसार किती दूरवर होता याचा अंदाज कोणी नीट केलेला नव्हता. पंधराव्या शतकाच्या मध्याला आंजेलो बारोव्हिएरच्या भट्टीत राख उकळून, गाळून, शुद्ध करून स्फटिकासारखी काच निघाली. तिचा एवढा बोलबाला झाला, की त्याआधीची सगळी रंगीत काच पुढच्या लेखकांना तिची कच्ची पायरी वाटू लागली. खुद्द मुरानोत तसं घडलं नाही. बारोव्हिएरच्याच नावाने ओळखला जाणारा, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला लग्नाचा मोठा पेला गर्द निळ्या काचेचा आहे, त्यावर वधूवरांची चित्रं मीन्यात. जांभळे आणि पाचूहिरवे पेलेही त्याच पिढीतले. काच शुद्ध करायला शिकल्यावर कारागिरांनी पहिल्यांदा रंगच अधिक शुद्ध केले.

आणि ऱ्हाइनकाठी तर ग्राहकच अडून बसला. सोळाव्या-सतराव्या शतकांत व्हेनिसच्या धर्तीची स्वच्छ काच उत्तरेतही बनू लागली, तरी थेंबांचा हिरवा पेला गेला नाही. त्याचा पुढचा अवतार, गोल वाटीचा आणि थेंबदार जाड दांड्याचा ‘र्‍योमर’, नेदरलँड्समधल्या शहरी भट्ट्यांतही होऊ लागला. तिथे बीचचं जंगल नव्हतं आणि पदरात पडणारी हिरवी काचही नव्हती. म्हणून कारागीर मिश्रणात मुद्दाम रंग घालून ती हिरवी करत. पीटर क्लास आणि विलेम हेडा यांच्या स्थिरचित्रांत लिंबाच्या उलगडलेल्या सालीशेजारी पांढऱ्या वाईनने निम्मा भरलेला दिसतो तो हाच पेला.